तुम्ही विचारलंत म्हणून: झिपमध्ये मॅन्युअल कशाला?

‘इंटरनेट सगळीकडे पोचलंय, मग तुमच्या सॉफ्टवेअरच्या झिप किटमध्ये ते मॅन्युअलचं फोल्डर अजून कशाला?’ नवी आलेली मुलं विचारतात, ग्राहकांकडचे आयटीवाले विचारतात, परवा भाच्यानेही विचारलं. एरवी मी ‘असू दे, खायला मागतंय का?’ म्हणून सोडून देतो. आज नीट सांगतो.

आम्ही वजनकाट्याच्या इंडिकेटरशी (वजनाचा आकडा दाखवणाऱ्या डब्याशी) बोलणारी लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड, बनवतो. ती वापरून साखर कारखान्यांचे प्रोग्रॅमर आपापल्या पावत्या आणि रिपोर्ट जोडतात. एका हंगामात, जानेवारीच्या रात्री, मी एका कारखान्याच्या काट्यावर बसलो होतो. पावती छापणारी कमांड मध्येच अडकत होती आणि ती नेमकं काय म्हणतेय हे मला पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतून पकडायचं होतं. बाहेर केनयार्डात, उसाच्या गाड्या थांबतात तिथे, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, दर पाच मिनिटांनी एखादा ड्रायव्हर केबिनच्या खिडकीतून डोकावून ‘झालं का साहेब?’ विचारणार. काट्याचं मशीन इंटरनेटपासून मुद्दाम तोडलेलं. मोबाइलला रेंज फक्त दाराबाहेर, तीही एक काडी.

दारात उभं राहून ऑफिसातल्या मित्राला फोन लावला. त्याने पायथनच्या मॅन्युअलची साइट उघडून वाचून दाखवलं, ‘सबप्रोसेस रनला कॅप्चर आउटपुट ट्रू दे.’ म्हणजे पायथनमधून कमांड चालवताना तिचं आउटपुट पकडून ठेवायचा पर्याय. दिला. पायथनची तक्रार: टाइप एरर. पुन्हा बाहेर, पुन्हा फोन, स्पेलिंग तपासलं, पुन्हा आत. तोच एरर. शेवटी वैतागून मशीनवरच पायथन उघडून हेल्प मागितली. त्यात तो कॅप्चर आउटपुट नव्हताच! कारण तो आला पायथन 3.7 मध्ये आणि काट्यावर होतं 3.6. आउटपुट हवं असेल तर एसटीडीआउटला (ते बाहेर पडायच्या वाटेला) पाइप द्या, असं तिथे सरळ लिहिलेलं होतं. दोन मिनिटांत काम झालं. (साइटवरही ‘3.7 पासून’ अशी ओळ आहे, पण ती खाली. रात्री फोनवर तेवढं खाली कोण वाचतं?)

रेंज नव्हती हा त्या रात्रीचा त्रास खराच. पण रेंज फुल्ल असती तरी मी तीच चूक केली असती, फक्त जास्त वेगाने. साइट सहसा ताजी आवृत्ती दाखवते आणि कारखान्यातलं मशीन पाच-सहा वर्षं कुणी हलवत नाही. पॅकेजसोबत आलेला कागद निदान त्याच पॅकेजबद्दल बोलतो.

आमच्या पिढीला याची सवय टर्बो सीने, सी भाषेत प्रोग्रॅम लिहायच्या जुन्या सॉफ्टवेअरने, लावली. निळ्या स्क्रीनवर शब्दावर कर्सर ठेवून कंट्रोल एफवन दाबलं की माहिती आणि खाली चालणारं उदाहरण. ते उचलायचं, चालवायचं, मोडायचं. कॉलेजच्या लॅबमध्ये एक पुस्तक चाळीस जणांत फिरायचं, तेव्हा हीच आमची शिकवणी.

आकार वाढतो हा आक्षेप मात्र खोटा नाही. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेची कागदपत्रं म्हणजे हजारो बारक्या फायली, विंडोजवर त्या उलगडताना अँटिव्हायरस घाम गाळतो. म्हणून तिथे इन्स्टॉल करताना मिनिमल प्रोफाइल (कमीत कमी सामान) निवडलं की ती येत नाहीत. नेहमीच्या प्रोफाइलमध्ये येतात, आणि ‘रस्टअप डॉक’ म्हटलं की नेटशिवाय उघडतात. डेबियन या लिनक्सवाले मोठी कागदपत्रं वेगळ्या ‘डॉक’ पॅकेजमध्ये ठेवतात. दोन्ही रीती मला पटतात. उबंटू या दुसऱ्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये (छाटून हलक्या केलेल्या प्रतीत) मात्र ‘मॅन’, म्हणजे मॅन्युअल उघडायची कमांड, टाइप केलं की उत्तर येतं, ही सिस्टीम छोटी केलेली आहे, पानं हवी असतील तर ‘अनमिनिमाइझ’ चालवा. आणि ते चालवायला काय लागतं? इंटरनेट. आमचं सांगायचं तर इन्स्टॉलर 180 एमबीचा, त्यात मॅन्युअल 6 एमबी. स्वागताच्या स्क्रीनवरचं चित्र त्याहून जड आहे, त्याबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचतो: एकदा पाठवलेल्या मॅन्युअलमधली चूक दुरुस्त करता येत नाही. खरं आहे. 3 नोव्हेंबर 1971 ला युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचं पहिलं मॅन्युअल आलं, त्यात पानांच्या शेवटी ‘बग्ज’ आणि ‘ओनर’ अशी शीर्षकं असायची. कुठे गडबड आहे आणि कुणाला धरायचं, दोन्ही तिथेच. मी ती रीत उचलली. आमच्या प्रत्येक प्रकरणाखाली आवृत्ती, माहीत असलेल्या गडबडी आणि आमच्या टेबलचा फोन नंबर असतो.

गेल्या हंगामात रात्री दोनला त्यावर फोन आला. पलीकडे काट्यावरचा मुलगा. ‘सर, सिरियल पोर्टच्या पानावर पॅरिटीचं सेटिंग इव्हन लिहिलंय. आमच्या इंडिकेटरला ‘नन’ लागतं. मी पेनाने खोडून लिहिलंय, तुम्हीही बदला.’ त्याने ते पान छापून केबिनच्या भिंतीला चिकटवलं होतं.