बेरीज बदलली कुणी?

कर्मचाऱ्यांच्या हजेरीचा हिशेब ठेवणाऱ्या आमच्या रुबी या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या प्रणालीला अहवालांसाठी एक तयार जेम (इतरांनी लिहिलेली कोडची लायब्ररी) जोडले, आणि त्याच दिवशी ग्राहकाचा फोन आला की जादा कामाचे तास भलतेच फुगलेले दिसत आहेत. ९० आणि १५० मिनिटांच्या दोन पाळ्यांचे मिळून ४ तास व्हायला हवे होते. अहवालात २४० छापले होते. एरर मात्र कुठेच नव्हती.

जेममधली ओळ अगदी सरळ होती : अ‍ॅरेवर, म्हणजे आकड्यांच्या यादीवर, 'सम' ही बेरजेची मेथड चालवायची आणि सोबतच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे मेथडला जोडून दिलेल्या कोडच्या तुकड्यात, प्रत्येक आकड्याला ६०.० ने भागायचे. तीच ओळ कोऱ्या आयआरबीमध्ये (रुबीच्या ओळी लगेच चालवून पाहण्याच्या साधनात) ४.० हे उत्तर देई आणि आमचा प्रकल्प लोड केलेल्या कन्सोलमध्ये २४०. तेव्हा त्या मेथडचेच 'सोर्स लोकेशन', म्हणजे ती कुठल्या फाइलमध्ये लिहिली आहे ते, काढून पाहिले. अंगभूत 'सम' सी भाषेत लिहिलेली असल्यामुळे उत्तर 'निल' (रुबीतले 'काहीच नाही') यायला हवे होते; आले ते आमच्याच प्रकल्पातल्या एका जुन्या फाइलचे नाव आणि ओळ क्रमांक.

अ‍ॅरेला स्वतःची 'सम' मिळाली ती डिसेंबर २०१६ मधल्या रुबी २.४ पासून. प्रकल्प त्याआधीचा असल्याने तेव्हाच्या मंडळींनी अ‍ॅरे क्लास (सगळ्या अ‍ॅरेंची मूळ व्याख्या) पुन्हा उघडून त्यात आपली 'सम' घातली होती, जी 'निल' वगळून बेरीज करी, पण ब्लॉककडे पाहतही नसे. आणि मेथडने न वापरलेला ब्लॉक रुबी मुकाट्याने सोडून देते. क्लास संपूर्ण प्रोसेसमध्ये एकच असतो, त्यामुळे परक्या जेमलाही हीच बेरीज मिळाली.

रेल्स या रुबीतल्या वेब फ्रेमवर्कमध्ये '३.डेज.अगो' असे लिहिता येते ते क्लास पुन्हा उघडण्याच्या याच मोकळिकीमुळे, आणि ती मला मनापासून आवडते. परंतु सगळ्यांच्या क्लासमध्ये 'सम'सारखे सर्वसाधारण नाव बळकावणे मला गैर वाटते. बदल एका फाइलपुरता ठेवायचा असेल तर रुबी २.१ पासून रिफाइनमेंट्सची अधिकृत सोय आहे.

आम्ही तो पॅच, म्हणजे ती जुनी 'सम', काढून टाकला. अंगभूत 'सम' 'निल' खपवून घेत नसल्यामुळे अनेक टेस्ट तत्काळ पडल्या, आणि त्यांतून कळले की बाहेर पडण्याची नोंद करायला विसरलेल्यांच्या पाळ्या आजवर बेरजेतून गुपचूप गळत होत्या. आता अशा नोंदींची वेगळी यादी मनुष्यबळ विभागाकडे जाते.