धुराड्यातला पांढरा धूर

आज बंदरात उभ्या क्रूझ जहाजाच्या धुराड्यातून निघणारा पांढराशुभ्र धूर बघून शेजारी कुणीतरी म्हणालं, "किती स्वच्छ!" तो पांढरेपणा बहुतेक वेळा स्क्रबरच्या, म्हणजे धूर पाण्याने धुणाऱ्या यंत्राच्या, वाफेचा असतो.

2020 पासून जहाजी इंधनात गंधक 0.50 टक्क्यांवर चालत नाही. स्क्रबर बसवला की मात्र जुनं स्वस्त, गंधकयुक्त तेल जाळायची मुभा. ओपन-लूप प्रकारात धुरावर समुद्राचं पाणी फवारतात. गंधक पाण्यात उतरतं आणि ते आम्लधर्मी पाणी निकेल, व्हॅनेडियम, काजळीसकट परत समुद्रात. म्हणजे हवेतला कचरा पाण्यात, इतकंच.

प्रमाण बघा. एका मेगावॅट-तासाला साधारण 45 घनमीटर पाणी. धक्क्याला लागलं तरी एसी, फ्रीज, भटारखाना चालूच; 10 मेगावॅट धरले तर आठ तासांत 36 लाख लिटर, दहा हजारी टँकर 360! आणि बंदराच्या कोंडलेल्या पाण्यात ते लवकर पांगत नाही.

डेन्मार्कने जुलै 2025 पासून आपल्या हद्दीत हे सोडायला बंदी घातली. किनाऱ्यावरून वीज देणं हा दुसरा मार्ग, पण जहाजं बहुधा 60 हर्ट्झची, आपली वीज 50 ची. नुसती केबल ओढून भागत नाही, कन्व्हर्टर लागतो. आणि तिथेच घोडं अडतं.