९७ वर अडकलेली भट्टी (ओव्हन, नोंद ८)

अंगणात लाकडावर चालणारा विटांचा पिझ्झा ओव्हन बांधतोय, त्याची ही आठवी नोंद. मागच्या नोंदीत मी मोठ्या थाटात लिहिलं होतं की घुमट मिटला, चावीची वीट बसली, आता फक्त पिझ्झे खायचे. ते शब्द गिळतो.

गणपतीच्या दिवसांत दहा माणसांना जेवायला बोलावलं. वरचं चीज करपून काळं, खालचा मैदा कच्चा. एक नाही, आठच्या आठ. शेवटचे तीन तव्यावर शेकून वाढले. मेहुणा शांतपणे म्हणाला, "दाजी, तव्यावरच करायचं होतं तर एवढ्या विटा कशाला आणलासा?" उत्तर नव्हतं.

आता आकडे. मापं तीच आहेत: आतला व्यास ३६ इंच, उंची १८, दार साडेअकरा. दोन तास जाळ घातल्यावर घुमट ४३० अंश सेल्सियस, काजळी जळून आतून पांढरा स्वच्छ. आणि फरशी, म्हणजे जिच्यावर पिझ्झा ठेवायचा ती? २१५. निखारे पसरून अर्धा तास ठेवले तर २४०, बाजूला सारले की दहा मिनिटांत परत खाली. घुमट सासुरवाडीसारखा गरम आणि फरशी शेजाऱ्यासारखी थंड.

पहिला संशय लाकडावर. वखारीतून अकेशिया आणली होती, ती जरा ओलसर होती. मग बाभूळ आणली. (बाभळीला तोड नाही. आंब्याचं लाकूड फुकट मिळालं तरी धूर फार, जाळ कमी.) फरक शून्य. दुसरा संशय आयआर गनवर (लांबून तापमान मोजायचं यंत्र), ती मित्राची आणून ताडून पाहिली. तिसरा विटांवर. पण विटा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून, फाउंड्रीवाल्यांना माल देणाऱ्या दुकानातून घेतलेल्या. नवीन मंडळींना पुन्हा सांगतो, हार्डवेअरच्या दुकानात फायरब्रिक (भट्टीची उष्णता सोसणारी वीट) मागू नका. बेळगावात एवढ्या फाउंड्र्या आहेत, त्यांच्या भट्ट्यांना लागणारा मालच आपल्याला लागतो. दोन विटा एकमेकींवर आपटायच्या, खणखणीत वाजली तर घ्यायची, बद्द वाजली तर ठेवायची. माझ्या सगळ्या खणखणीत होत्या.

राहिला फरशीखाली पुरलेला थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची वायर. नोंद ४ मध्ये त्याची वायर बाहेर काढून ठेवली होती, आठवत असेल. फरशीच्या विटा आणि त्याखालचा व्हर्मिक्युलाईटचा (उष्णता अडवणाऱ्या हलक्या खनिजाचा) थर यांच्या बरोबर मधे त्याचं टोक आहे. तो आकडा सुरुवातीला भराभर चढायचा: ४०, ६०, ८५, ९७. आणि ९७ वर बसायचा. एक तास, दोन तास, तीन तास, ९७. मला वाटलं वायर गेली. नवीन मीटर घेतला, साडेसहाशे रुपये. तोही ९७.

मग एका रविवारी सकाळी मीटर तपासायचं म्हणून सुटं टोक चहाच्या आधणात बुडवलं. पाणी खळखळ उकळतंय आणि मीटर म्हणतो ९७. मी चडफडलो, म्हणजे हाही तीन अंश कमी दाखवतोय! बायको दुधाचं पातेलं घेऊन मागे उभी. "शंभर कशाला दाखवेल? आपण काय मुंबईत आहोत?"

हातातला चमचा तसाच राहिला. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर. हवेचा दाब कमी, म्हणून इथं पाणी साधारण साडेसत्त्याण्णवलाच उकळतं. म्हणजे मीटर बरोबर होता, दोन्ही मीटर बरोबर होते, आणि माझ्या फरशीखाली पाणी उकळत होतं. मी महिनाभर पिझ्झा ओव्हन नाही, विटांची किटली पेटवत होतो.

पाणी शून्यावरून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाचपटीहून जास्त त्याची वाफ करायला लागते. आणि तेवढा वेळ तापमान हलत नाही. माझी सगळी बाभूळ त्यात चालली होती. शिवाय व्हर्मिक्युलाईटचा थर ओला झाला की उष्णता अडवत नाही, खाली सोडतो. त्या थराखालच्या काँक्रीटच्या स्लॅबला खालून हात लावला तर चटका बसायचा. तो खरं तर जेमतेम कोमट असायला हवा.

पाणी आलं कुठून? नोंद ३ मधली माझी ती हुशारी. व्हर्मिक्युलाईट नीट भरता यावं म्हणून स्लॅबला चार इंचांचा गोल काठ ओतला होता. फोटो पाहून निपाणीच्या दोस्ताने विचारलं होतं, पाणी जाणार कुठून? मी म्हटलं, पाणी येणारच नाही. जुलैच्या वाऱ्यात ताडपत्री फाटली, दारापुढच्या कट्ट्याला दोन सूत उतार आतल्या बाजूला निघाला (माझीच लेव्हल, माझीच करणी), आणि काठाची परात भरली. ऑगस्टमध्येच आई म्हणाली होती, "स्लॅबला खालून लोणा लागलाय बघ." (लोणा म्हणजे ओलीमुळे फुटणारा पांढरा क्षार.) मी "सिमेंट नवीन आहे" म्हणून सोडून दिलं.

मेस्त्रींना दाखवलं. ते म्हणाले, फरशी उपटा. पण दारातून अंग आत घालून हेरिंगबोनच्या (तिरप्या, एकमेकींत गुंतवलेल्या रचनेच्या) विटा एकेक काढायच्या, ओला थर खरवडायचा, परत भरायचा, या विचारानेच पाठ धरली. त्याऐवजी स्लॅबला खालून भोकं पाडायचं ठरवलं. १२ मिलीचा बिट, भाड्याचं हॅमर ड्रिल, गोणपाटावर उताणा मी. पहिल्या दोन भोकांना सळी लागली. तिसऱ्याला बिट एकदम आत गेला आणि चुन्याचं कोमट पाणी थेट चष्म्यावर. इतका आनंद घुमट मिटला तेव्हाही झाला नव्हता! एकूण पाच भोकं. पहिल्या रात्रीत बादलीत तीन लिटरच्या आसपास जमलं, मग नुसतं ठिबकणं.

नंतर सहा दिवस रोज चार तास मंद जाळ. घाई नाही, वाफ कोंडली तर विटेचे पापुद्रे उडतात. चौथ्या दिवशी रात्री सव्वाआठला मीटर हलला. ९८. ९९. जेवायचं ताट सोडून बाहेर बसलो. नऊला १०४. घरात पोराला १०४ ताप आला तर आपण हादरतो, इथं मी अंगणात नाचत होतो.

परवाचे आकडे: घुमट ४५०, फरशी ३८५, स्लॅब खालून ३८. पिझ्झा दोन मिनिटांत, खाली बिबट्यासारखे ठिपके. मेहुण्याला फोटो पाठवला, उत्तर आलेलं नाही.

पुढचं. घुमटावर टाइल्सचे तुकडे लावणार होतो, दोन पोती आणूनही ठेवलीत. रद्द. टाइल्सखाली ओल कोंडेल. चुन्याचा गिलावा करतो, तो श्वास घेतो. टाइल्स ओट्याला लावीन. ताडपत्रीऐवजी खानापूरच्या कौलांचं छोटं छप्पर हवं, त्याला चार वासे पुरतील.

आणि हे लिहिता लिहिताच सुचलं: घुमटाच्या डोक्यावर गिलाव्यातून अर्ध्या इंचाची पितळी नळी वर काढली तर घुमटावरच्या उष्णतारोधक ब्लँकेटमधली वाफही निघून जाईल. म्हणजे गिलावा लगेच नको, आधी नळी. मेस्त्रींना शनिवारी बोलावलं होतं, त्यांना आत्ताच फोन करतो.

उरलेला फायरक्ले (विटा जोडायची भट्टीची माती) मात्र गेला. गल्लीतल्या पोरांनी दिवाळीच्या किल्ल्याचे बुरूज त्याचे केलेत. पाचांपैकी एका भोकात मुंग्यांनी घर केलंय, तिथं बारीक जाळी बसवायची आहे.