बोट उचलल्याचा निरोप

माळ्यावर जांभळ्या गोल पिनचा एक जुना पीएस/२ (यूएसबीच्या आधीच्या जोडणीचा) कीबोर्ड पडून होता. तो आर्डुइनो उनो या छोट्या, प्रोग्रॅम करता येणाऱ्या सर्किट बोर्डाला जोडून वाचता येतो का, हे पाहण्यासाठी मी एक रविवार काढला आणि पुढचे तीन रविवारही त्यातच गेले. जोडणी सोपी होती. पाच व्होल्ट, ग्राउंड, क्लॉक आणि डेटा अशा चारच तारा. क्लॉकचे ठोके कीबोर्ड स्वतःच देतो आणि प्रत्येक ठोका खाली उतरताना डेटाची तार वाचायची असते. असे अकरा वेळा केले की एक बाइट, म्हणजे आठ बिट (शून्य किंवा एक), हाती येतो, कारण त्या आठ बिटांच्या आधी सुरुवातीचा स्टार्ट बिट आणि नंतर चूक तपासणारा पॅरिटी बिट व शेवटचा स्टॉप बिट असतात. ‘ए’ची कळ दाबल्यावर मधले आठ बिट ००१११००० असे आले. सर्वांत कनिष्ठ बिट आधी येतो हे लक्षात घेऊन ते उलटे मांडले, तेव्हा हेक्साडेसिमलमध्ये (सोळा अंकांच्या पद्धतीत, जिथे ए ते एफ हेही अंक असतात) १सी हा आकडा मिळाला आणि तो कळींच्या आकड्यांच्या तक्त्याशी जुळला.

आनंद फार टिकला नाही, कारण कळ एकदा दाबली तरी पडद्यावर अक्षर दोनदा उमटत होते. कळीखालचे धातूचे संपर्क थरथरत असावेत, असे मी धरून चाललो आणि प्रोग्रॅममध्ये पन्नास मिलिसेकंदांचा विलंब घातला, पण काही फरक पडला नाही. (थरथर गाळण्याचे काम कीबोर्डमधली चिप आधीच करते, हे मला तेव्हा सुचले नाही.) अखेर कळ दाबून क्षणभर तशीच धरली, तेव्हा दिसले की दुसरे अक्षर बोट उचलताना उमटते. मग अक्षरांऐवजी आलेला प्रत्येक बाइट जसाच्या तसा छापला. दाबताना १सी आणि सोडताना एफ० १सी असे दोन निरोप येत होते; माझा प्रोग्रॅम अनोळखी एफ० गाळून मागचा १सी पुन्हा ‘ए’ म्हणून छापत होता.

सोडल्याचा निरोप हवाच कशाला, याचे उत्तर शिफ्टने दिले. इन्स्क्रिप्ट या मराठी कळरचनेतला, शिफ्ट धरून ‘के’च्या कळीवर येणारा ‘ख’ टाइप केला, तर १२, ४२, एफ० ४२, एफ० १२ अशी रांग येते. यातला १२ हा डाव्या शिफ्टचा आणि ४२ हा ‘के’ या कळीचा आकडा आहे. नुसत्या ‘क’लाही ४२च येतो. म्हणजे कीबोर्डला ना इंग्रजी कळते ना मराठी, तो फक्त कोणती कळ खाली गेली आणि कोणती वर आली एवढेच कळवतो. शिफ्ट अजून दाबलेली आहे की नाही, हे संगणकाने लक्षात ठेवायचे असते, आणि एफ० १२ हरवला तर पुढचे सगळे शिफ्टमधलेच उमटत राहते. माझ्याकडे ते दोनदा घडले, कारण इंटरप्टच्या (क्लॉकच्या ठोक्यासरशी मधेच चालणाऱ्या कोडच्या) आतच मी सिरियलवर, म्हणजे संगणकाकडे जाणाऱ्या तारेवर, छापत होतो आणि त्या गडबडीत बिट निसटत होते. छपाई बाहेर काढल्यावर ते थांबले.

बाणांच्या कळींनी आणखी एक दिवस खाल्ला. डावा बाण दाबला की ४ उमटे, कारण त्याचा आकडा ई० ६बी आहे आणि नुसता ६बी हा अंकफलकावरचा ४ असतो. सोडताना ई० एफ० ६बी येते, म्हणून ई० आणि एफ० या दोन्ही उपसर्गांसाठी स्वतंत्र खुणा ठेवाव्या लागल्या.

पॉज ही कळ मात्र दाबताक्षणी आठ बाइट एकदम पाठवते आणि सोडल्यावर काहीच कळवत नाही. माझ्या प्रोग्रॅमला तिच्या जागी कंट्रोल आणि नमलॉक दाबून सोडल्याचा भास होतो. ते मी तसेच राहू दिले आहे; पॉज मी कधी वापरतच नाही.