सतरा वर्षं शिकवलं, पण ते कागदावर कुठंय?

बेचाळिसाव्या वर्षी परत बायोडेटा लिहायला बसले तेव्हा पहिला प्रश्न पडला तो छंद लिहायचे की नाही हा. शेवटचा बायोडेटा बीएड झाल्यावर म्हापशाला टाइप करून घेतला होता, त्यात 'वाचन, प्रवास' असं काहीतरी होतं. प्रवास म्हणजे डिचोली ते म्हापसा, कदंबात, म्हणजे आमच्या गोव्याच्या सरकारी बसमध्ये, उभ्याने.

मी मराठी आणि सोशल सायन्स शिकवते, सतरा वर्षं एकाच खाजगी विनाअनुदानित शाळेत काढली. मग तुकड्या कमी झाल्या आणि मॅनेजमेंटने सांगितलं पुढच्या वर्षापासून लेक्चर बेसिसवर या. म्हणजे तास घेतला तर पैसे, गणेश चवथीच्या सुट्टीत शून्य. नवरा म्हणाला सोड गो, बघू काय ते.

मी जूनचा हिशोब धरून निवांत होते, पण २०२५ पासून गोव्यात सहावी ते दहावीचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू व्हायला लागलं ना, त्यामुळे पेपरात जाहिराती यायला लागल्या तेव्हा माझ्याकडे एकही कागद धड नव्हता. अनुदानित शाळा म्हटली की पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला मागतात, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड मागतात, आणि ते कार्ड रिन्यू करायचंच राहून गेलेलं. कोकणी यायला हवी, मराठी आली तर उत्तम असंही लिहिलेलं असतं. मराठीची टीचर असले तरी घरात आम्ही कोकणीच बोलतो, तेवढंच एक टेन्शन नव्हतं.

सगळ्यात छळलं ते अनुभवाच्या दाखल्याने. जुन्या शाळेने दिलेल्या दाखल्यात पहिली तीन वर्षं गायब, कारण तेव्हा मी 'टेंपररी' होते. तीन वर्षं दहावीचे पेपर तपासून डोळे गेले ते कोणाचे मग? क्लार्कचं एकच, "टीचर, फाल्यां यो," म्हणजे उद्या या. असे पाच-सहा फाल्यां झाले. शेवटी माळ्यावरच्या ट्रंकेत त्या वर्षांच्या नेमणुकीच्या ऑर्डरी सापडल्या, कडा वाळवीने खाल्लेल्या पण तारखा शाबूत, आणि सोबत पगार जमा व्हायचा ते बँकेचं पासबुक. त्या दोन्हींच्या झेरॉक्स टेबलावर ठेवल्यावर नवीन दाखला त्याच दिवशी मिळाला.

सीटेट, म्हणजे शिक्षकांची पात्रता परीक्षा, मी आधीच पास करून ठेवली होती, ती आता आयुष्यभर चालते हे बरंय. पेपर दोन, १५० प्रश्न, अडीच तास, पास व्हायला ९० मार्क. त्यातले ३० बालविकासाचे. रडणारी, मारामारी करणारी, डबा चोरणारी सगळ्या प्रकारची पोरं सांभाळलीत मी, पण पियाजे या मानसशास्त्रज्ञाच्या कुठल्या अवस्थेत मूल काय करतं हे रात्री अकरा वाजता बसून पाठ करावं लागलं, आणि मुलगी बाजूला बसून माझी तोंडी परीक्षा घेत होती.

मुलाखती चार झाल्या. एका ठिकाणी जागा आधीच ठरलेली आहे हे खोलीत शिरल्याशिरल्या कळलं, दुसरीकडे पगार ऐकून मीच उठले. चौथ्या ठिकाणी डेमोचा तास होता. परीक्षा संपलेली, वर्ग रिकामा, समोर तीन माणसं मागच्या बेंचवर, आणि मी नद्या घेतल्या. फळ्यावर मांडवी काढली आणि सवयीने विचारलं, "हिलाच आपल्या सत्तरी तालुक्यात काय म्हणतात?" आणि थांबले. रिकाम्या वर्गात थांबले! मेंबर एकमेकांकडे बघतायत, एक जण पेन शोधतोय. तेवढ्यात दारात चहाचा ट्रे घेऊन उभा असलेला प्यून मोठ्याने बोलला, "म्हादय!"

मी म्हटलं, शाब्बास, आणि कुठून येते? तो म्हणाला कर्नाटकातल्यान. मग काय, पुढची दहा मिनिटं मी त्यालाच शिकवलं, चहा तिथेच निवला.

आठ दिवसांनी फोन आला. जागा बाळंतपणाच्या रजेवरची आहे, पुढचं पुढे. सतरा वर्षांचे वाढीव पैसे द्याल का म्हणून विचारलं तर हेडमास्तर म्हणाले, "ते नियमात बसत नाय हो मॅडम." आता सकाळी दोन बस बदलून जाते. गेटवर तोच प्यून असतो, मला नावाने कधीच हाक मारत नाही, म्हादय टीचर म्हणतो.