रिकाम्या लिफ्टमध्ये ६५ किलो

लिफ्ट मेंटेनन्समध्ये चौदा वर्षं झाली मला, आणि लिफ्टमध्ये भूत आहे ही कंप्लेंट आत्तापर्यंत तीनदा आली. एकदा दाराच्या सेन्सरवर कोळ्यानं जाळं केलेलं, दार लागायचंच नाही. एकदा वरच्या मजल्यावरचं पोरगं बटण दाबून पळायचं. तिसरं भूत मात्र खरं निघालं, म्हणजे आम्ही त्याचं वजनसुद्धा केलं, आणि अर्धंमुर्धं मीच आणून बसवलेलं होतं ते.

कोथरूडमधली जुनी सोसायटी, पार्किंग अधिक सात मजले, एकच लिफ्ट. आठ माणसांची, ५४४ किलो. (माणशी ६८ किलो धरतात, आतल्या पाटीवर बघा, आठ गुणिले अडुसष्ट.) स्पीड सेकंदाला १ मीटर. गौरी-गणपतीचे दिवस, घरोघरी पाहुणे, लिफ्टला सकाळपासून उसंत नाही, आणि नेमके तेव्हाच सेक्रेटरी काकांचे फोन सुरू झाले. "अहो, लिफ्ट आठाची आणि सहा माणसं चढली की बंद पडतीय, एएमसीचे, वर्षाच्या मेंटेनन्सचे, पैसे कशाचे घेता?"

आता ओव्हरलोड झालं तर काय होतं सगळ्यांना माहितीय, दार उघडंच राहतं, बझर बोंबलतो, शेवटी चढलेला माणूस ओशाळून बाहेर पडतो. इथं तसं काहीच नाही. सहा माणसं चढली, बझर गप्प, दार लागलं, लिफ्ट वर निघाली, वीतभर गेली आणि खाडकन हिसका देऊन उभी. दोन-चार सेकंद थांबून मग मुंगीच्या पावलानं जवळच्या मजल्यावर जाऊन दार उघडायची. खाली येताना तर अजून गंमत, सगळे मजले एकदम मस्त यायची आणि ग्राउंड दोन फुटांवर राहिला की हिसका. मजल्यांच्या मधे चालू असताना कधीच काही नाही. एकटादुकटा माणूस असला तरी काही नाही.

चौथ्या मजल्यावरच्या आज्जी मला म्हणाल्या, "आम्ही सहाच चढतो रे बाबा, पण त्या लिफ्टला कोणीतरी जास्तीचं लागतंय. ते आपल्याला दिसत नाही एवढंच." मी हसलो. दोनदा व्हिजिट मारली, स्वतः एकटा खालीवर फिरलो, एकदम ओके, स्लिपवर सही घेतली आणि निघालो. आता आठवलं की लाज वाटते, कंप्लेंट सहा माणसांची आणि मी टेस्ट करतोय एकटा.

तिसऱ्या वेळी हेल्परला घेऊन गेलो आणि टेम्पोतनं २०-२० किलोची वजनं नेली. होती बावीसच, म्हणजे ४४० किलो. केबिनमध्ये रचली, खालीवर चार फेऱ्या, काही नाही. हे अगदी काठावर होतं ते नंतर कळलं. मग हेल्पर म्हणाला मी पण बसतो, तो साठेक किलोचा, झाले ५००. दार लागलं, वीतभर वर, खाडकन! पोरगं आतनं ओरडलं ते मला वरपर्यंत ऐकू आलं.

मशीन रूममध्ये कंट्रोलरवर बघितलं तर सेफ्टी सर्किट (ते तुटलं की ब्रेक लागतो) तुटलेलं दाखवत होता आणि क्षणात परत जोडलेलं. वायर मागं मागं शोधत गेलो तर ओव्हरलोडच्या रिलेचा (वजन लिमिटच्या वर गेलं की पडणारा स्विच) कॉन्टॅक्ट सेफ्टी सर्किटमध्ये सिरीजला घातलेला. मे महिन्यातल्या वादळात कार्ड जळलं होतं, तेव्हा ज्यानं कोणी नवीन कार्ड बसवलं त्यानं हा उपद्व्याप केलेला असणार. खरं तर ओव्हरलोडची वायर कंट्रोलरच्या वेगळ्या इनपुटला जाते, आणि लिफ्ट उभी असताना दार उघडं असेल तेव्हाच कंट्रोलर तिकडं बघतो, चालू लिफ्टमध्ये ओव्हरलोडचं काय करायचं, अधांतरी कोणाला उतरवणार? इथं मात्र चालता चालता रिले पडला की सरळ ब्रेक.

ठीक आहे, वायर चुकली. पण रिले पडतोच का? ५०० किलो आणि लिमिट ५४४.

इथं मला नववीचं विज्ञान आठवलं. बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण, आम्ही घोकलं होतं, परीक्षेत दोन मार्काला लिहिलं होतं आणि विसरलो होतो. लिफ्ट वर निघते तेव्हा माणसांना नुसतं धरून ठेवायचं नसतं, त्यांचा वेग शून्यापासून वाढवायचा असतो, त्याला वरनं जास्तीचं बल लागतं. ड्राइव्हमध्ये (मोटरचा स्पीड सांभाळतो तो) ॲक्सिलरेशनचा टाइम सव्वा सेकंद, म्हणजे सव्वा सेकंदात १ मीटरचा स्पीड, म्हणजे त्वरण ०.८. मोबाइलवर हिशोब केला, ५०० गुणिले ०.८ म्हणजे ४०० न्यूटन, किलोत आणायला भागिले गुरुत्वाचे ९.८, साधारण ४१ किलो. ५०० अधिक ४१, ५४१. लिमिटला तीन किलो कमी! इतकं छान सुचलं होतं आणि तीन किलोंनी बोंबललं. म्हणलं आपलं मापच थोडं चुकत असेल, हेल्पर साठऐवजी चौसष्टचा असेल, असं स्वतःला समजावत होतो. तेवढ्यात हेल्पर म्हणाला, "साहेब, डिस्प्लेवर काय येतंय ते बघूया की सरळ."

वजनाचा डिस्प्ले केबिनच्या डोक्यावर असतो. वर बसून इन्स्पेक्शन मोडमध्ये चालवली तर लिफ्ट हळूच निघते, खरा आकडा येणारच नाही. मग त्यानं स्वतःचा मोबाइल टेपनं तिथं चिकटवला, व्हिडिओ चालू केला, सगळी वजनं बाहेर काढली, आणि आम्ही पूर्ण रिकामी लिफ्ट ग्राउंडवरनं सातव्याला सोडली. रिकामी आधी यासाठी की शून्य बरोबर दाखवतोय का ते बघावं, बाकी काही डोक्यात नव्हतं.

व्हिडिओ लावला. डिस्प्लेवर ०. दार लागल्याचा आवाज. ०. मग लिफ्ट हलली आणि आकडा पळायला लागला, २१, ४८, ६४, ६५. रिकाम्या लिफ्टमध्ये. मग परत ०, आणि सातवा मजला येईपर्यंत ०. थांबायच्या आधी मायनस ६५, आणि परत ०.

हेल्परचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "साहेब, आज्जी बरोबर बोलत होत्या. माणूस चढलाय आणि वर उतरलाय." खोटं कशाला सांगू, पाच-दहा सेकंद माझ्या पण अंगावर काटा आला, ६५ हा आकडाच असा माणसाचा आहे ना, ३०० आला असता तर घाबरलो नसतो.

मग ट्यूब पेटली. या लिफ्टचा लोड सेल, म्हणजे वजन मोजणारा सेन्सर, केबिनच्या फ्लोअरखाली नाहीये, वर रोपवर आहे. रोपला माणसं वेगळी आणि केबिन वेगळी कळत नाही, सगळाच भार त्याच्यावर. केबिन फ्रेमसकट ८०० किलोची, बसवताना रिकाम्या केबिनला झिरो करून टाकतात, किराणावाला तराजूवर पातेलं ठेवून झिरो करतो तसं. म्हणजे डिस्प्लेनं ते ८०० किलो विसरायचं ठरवलं, पण ते गेलेत कुठं? लिफ्ट निघताना त्यांचाही वेग वाढवावा लागतोच. ८०० गुणिले ०.८, ६४० न्यूटन, भागिले ९.८, ६५ किलो. बरोब्बर! उभं असताना झिरो दाखवणारी गोष्ट हलवायला लागली की स्वतःचं वस्तुमान दाखवते, आज्जींचं सातवं माणूस म्हणजे ती केबिनच.

आता हिशोब जुळला. हेल्पर आणि वजनं ५००, केबिन ८००, मिळून १३००, त्याला ०.८ नी निघायला १०६ किलोएवढा जादा ओढ, डिस्प्लेवर ६०६. रिले पडणारच. नुसती वजनं होती तेव्हा ४४० अधिक १०१, ५४१, म्हणून सुटली. आणि सहा माणसं धष्टपुष्ट असली की ४५० होतात, ती ५५२ ला अडकतात.

सेक्रेटरी काका वर आले तेव्हा मी जोशात सगळं सांगितलं. ते बँकेतनं रिटायर, आकड्याला पक्के, त्यांनी बरोबर खोच काढली. "वर जाताना वजन वाढतं हे मान्य. मग खाली येताना कमी व्हायला पाहिजे, तळाला का अडकते?" म्हणलं काका, तुमच्या घरी वजनकाटा आहे का, काट्याचा जुना, डिजिटल नको, तो एक आकडा धरून बसतो. आणला. काका केबिनमध्ये त्यावर उभे राहिले, आज्जी बघायला आल्या, मी खाली वाकून काटा वाचतोय असा सीन. काका ८२. खाली निघताना काटा ७५ ला, काका खूश. मधे पूर्ण वेळ ८२, लिफ्ट जोरात चाललीय तरी ८२, कारण वेग आहे पण बदलत नाहीये. आणि ग्राउंड जवळ आला, लिफ्ट स्लो व्हायला लागली, काटा ८९ च्या जवळ. खाली जाणाऱ्या माणसाला थांबवायचं म्हणजे वरच्या बाजूला ओढायचं, वर निघताना लागतो तसाच ओढ. ०.८ नी थांबायला साठ-बासष्ट सेंटीमीटर लागतात, दोन फूट, म्हणून हिसका बरोबर दोन फुटांवर.

काका म्हणाले, "समजलं. पण हे आधी का नव्हतं होत?"

हा प्रश्न येऊ नये असं मला वाटत होतं. जूनमध्ये याच काकांनी मला सांगितलेलं की लिफ्ट फार आळसावल्यासारखी निघते, जरा चपळ करा, आणि मी ड्राइव्हमध्ये जाऊन २ सेकंदांचा टाइम सव्वा सेकंद केला होता, वर त्यांच्याकडे चहा आणि बटाटेवडा खाल्ला होता. २ सेकंदाला त्वरण ०.५ च असतं, तेव्हा ४५० किलोची माणसं ५१४ दाखवून सुखरूप गेली असती. वायर तेव्हाही चुकलेलीच होती, ४८० च्या आसपास भरली असती तर तेव्हाही झटका बसलाच असता, पण एरवी सात माणसं एकदम कुठं चढतात. मी सगळं सांगून टाकलं. काका थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे थोडक्यात, माझीच कंप्लेंट माझ्याकडे परत आली." आज्जींना यातलं किती पटलं माहिती नाही, त्यांनी जाताना लिफ्टच्या दाराला हळूच नमस्कार केला.

वायर काढून जागेवर लावली, टाइम परत २ सेकंद केला, वजनं आणि हेल्पर मिळून ५०० किलोनं दहा फेऱ्या मारल्या, एक झटका नाही. निघायच्या आधी हेल्परनं आपल्या समाधानासाठी परत एकदा मोबाइल वर चिकटवून रिकामी लिफ्ट सातव्याला सोडली. व्हिडिओ बघितला, माझ्याकडे वळला.

"साहेब, अजून आहे ते. पण बारीक झालंय, ४१ च भरतंय."