डाव्या कानाच्या बाजूने

शिवरात्रीला देवगड तालुक्यातलं समुद्रकाठचं कुणकेश्वर चालत गाठायचं तर अमावास्येच्या पहाटेचा हिशेब धरून निघावं लागतं. आमच्याकडे भरतीचं गणित तोंडी असतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अमावास्या म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सुकती, पूर्ण ओहोटी, पहाटे पाच-सव्वापाचला. तेव्हा देवळाखालच्या खडकांतली शिवलिंगं उघडी पडतात, आणि गावोगावचे देव पालख्या आणि तरंगांसकट, म्हणजे देवांच्या सजवलेल्या खांबांसकट, तीर्थस्नानाला उतरतात. दर्शनाच्या रांगेपेक्षा मला त्या गर्दीचंच जास्त आकर्षण. वर्षभरात घरातलं कुणी गेलं असेल तर त्याच्या नावाने वाळूची पिंडी करून पाणी सोडणारीही खूप माणसं तिथे असतात.

यंदा आम्ही त्यांच्यात होतो. आई श्रावणात गेली, बाबा कार्तिकात.

मुणग्याच्या बाजूने आमच्या वाडीतली पंधरा-वीस जणं निघाली. भाऊ, वयनी आणि मी शेवटी. उपासाची रताळी आणि वरीचा भात पोटात, हातात बॅटऱ्या. हिंदळ्यापर्यंत सगळे एकमेकांच्या तब्येती विचारत होते, पुढे आपोआप गप्प झाले. माघाच्या अखेरीला रात्री गारवा असतो, पण सड्यावर चढलं की दिवसभर तापलेल्या कातळाची ऊब अजून पायांना लागते. कलमांच्या बागांतून मोहोराचा वास. कुठल्यातरी बागेतून राखणदाराने बॅटरी मारून पाहिली आणि आम्ही जत्रेचे म्हटल्यावर विझवली.

आई-बाबांचं लग्न 1962 चं. साठ वर्षांहून जास्त संसार झाला असं लोक भेटायला आल्यावर म्हणत होते. मी मान हलवत होते, पण मनात बेरीज वेगळी होती. पहिली वीस वर्षं बाबा मुंबईत गिरणीत, राहायला लालबागला, गावकीच्या खोलीत. एका खोलीत तीसेक माणसं, एक पाळी कामावर गेली की दुसरी तिच्या जागेवर पथारी टाकायची. आई गावात. गणपतीला आठ दिवस आणि मे महिन्यात जमली तर महिनाभर रजा. मे महिन्यात ते बोटीने देवगडला उतरायचे. मग ते पत्र्याची पेटी उचलून जायचे आणि मनीऑर्डर येत राहायची. आईला अक्षर येत नव्हतं, पत्र मी वाचून दाखवायचे. त्यात 'बैलाचे पाहणे' आणि 'मुलांना शाळेत पाठवणे' यापलीकडे नवरा म्हणून काही नसायचं. पत्र पोर वाचणार नाही याची खात्री असती तरी त्यांनी आणखी काही लिहिलं असतं असं मला वाटत नाही.

तेव्हाही आई कुणकेश्वराला चालत जायची, वाडीतल्या बायकांबरोबर. आणि गंमत म्हणजे त्याच रात्री बाबा खोलीतल्या माणसांबरोबर लालबागहून बाबुलनाथला चालत जायचे. हे आम्हाला फार उशिरा कळलं. बाबांनी सांगितलं तेव्हा आईने मोडीतच काढलं. "थंय रस्त्यार दिवे, पायाखाली डांबर. ह्येका काय चलणा म्हणतत?"

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, त्यातले कितीतरी गावी निघून आले. बाबाही. महिनाभराने शिवरात्र आली आणि लग्नानंतर पहिल्यांदा ती दोघं एकत्र कुणकेश्वराला चालत गेली. शिमग्यापर्यंत संप मिटेल असं बाबा सांगत होते. ते परत कामावर कधीच गेले नाहीत.

खरं सांगायचं तर नंतरची दोन-तीन वर्षं घरात बसवत नव्हतं. बाबांना मीठ कुठे असतं ते ठाऊक नाही, कुठल्या कुणग्यात कुठलं भात लावायचं ते ठाऊक नाही, पण हुकूम सोडायची हौस. वीस वर्षं आईने नांगरणीची माणसं बघितली, खंडाचे वाद निस्तरले, सासऱ्यांचं दुखणं काढलं. तिच्या राज्यात हा माणूस पहाटे चारला उठून सगळ्यांना उठवणार, कारण पहिल्या पाळीची सवय. "हयसर भोंगो नाय जाणा," ती म्हणायची. गावात पोरं आम्हाला आईच्या नावाने ओळखायची, याचंही बाबांना लागायचं.

पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी तिला न विचारता गाय विकली. हा विषय शेवटपर्यंत जिवंत राहिला. कुठल्याही भांडणात तिसऱ्या वाक्याला गाय यायची.

"माका इचारल्यात काय?"

"दूध देय नाय होती ती."

"म्हणान इकतत? मगे माकाय इकलं असतास."

आमच्या घरातली भांडणं खासगी कधीच राहिली नाहीत. बाबा साचेखात्यात होते. शेकडो मागांच्या खडखडाटात वर्षानुवर्षं उभं राहून उजवा कान पार गेलेला, डाव्याने जेमतेम ऐकू यायचं. विणाई खात्यातल्या पुष्कळ जणांचं असंच झालेलं. त्यामुळे आईला बोलायचं तर ओरडून, आणि बाबांना स्वतःचा आवाज कळत नसल्याने तेही ओरडून. उशीला उशी लावून सांगायच्या गोष्टी आमच्या चार घरांपर्यंत जायच्या.

म्हणून वारीत आई कायम त्यांच्या डाव्या बाजूने चालायची. बाकीच्या जोडप्यांत नवरे पुढे आणि बायका घोळक्याने मागे. ही दोघंच जोडीने. नवीन लग्न झालेल्यांनाही जे जमत नव्हतं ते कानामुळे यांना करावं लागलं. वाडीतल्या बायका आईला चिडवायच्या, पण तिने बाजू सोडली नाही. रस्ता वळला, गाडी आली, तरी फिरून ती डावीकडेच यायची. घरी दिवसभर कामाच्या वाक्यांपलीकडे न बोलणारी माणसं त्या एका रात्रीत वर्षाचं बोलून घ्यायची. माझ्या लग्नाचं स्थळ, भावाच्या आयटीआयची फी, कौलं काढून पत्रे घालायचे की नाही, सगळं हिंदळे ते कातवण या टापूत ठरलेलं आहे. गिरणी कामगारांच्या घरांसाठी फॉर्म भरायचा का, हेही. बाबांनी भरला. आईचं म्हणणं होतं, "व्हयी तेवा खोली नाय गावली, आता कित्याक?" ते घर कधी लागलं नाही आणि आईने त्याबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही, यात तिचा मोठेपणा होता की नुसता कंटाळा, मला सांगता येणार नाही.

मिठबावला थांबलो. कुणीतरी कोऱ्या चहाची किटली आणली होती. तिथून पुढे वयनीच्या टाचेला फोड आला, मग आमची चाल मंदावली. भाऊ तिच्या पुढे दहा पावलं, वळून वळून बघतोय. मी त्याला म्हटलं, बाजूने चाल की. तो म्हणाला, मला ऐकू येतं.

कातवणच्या उतारावरून देवळाची रोषणाई दिसली तेव्हा साडेचार झाले असतील. खाली पोचेपर्यंत समुद्र चांगलाच आत गेलेला. ढोल, पालख्या, कमरेएवढ्या पाण्यात माणसं, पोरांची रडारड, लाउडस्पीकरवर हरवलेल्या माणसांची नावं. आम्ही जरा बाजूला ओली वाळू बघून बसलो. पिंडी एक करायची की दोन, यावर भावाचं नि माझं जुंपलं. त्याचं म्हणणं दोन माणसं, दोन पिंड्या. मला एकच हवी होती. वयनीने तोवर हाताने वाळू ओढून दोन करून टाकल्या, अगदी लागून. फूल वाहिलं, तीळ-पाणी सोडलं. भाऊ शहाणा, भटजीला विचारायच्या फंदात पडला नाही.

परतीला चालायचं त्राण नव्हतं. जत्रेत खाजं घेतलं, एसटीच्या जादा गाड्यांची रांग बघितली आणि रिक्षा करून मिठबावपर्यंत आलो. तिथे रस्त्याकडेच्या एका घरात पाणी मागितलं. खळ्यात एक म्हातारी सुपात कुळीथ निवडत बसलेली.

"कोणाचा चेडू गे तू?"

मी बाबांचं नाव सांगितलं. तिला लागेना. वाडी सांगितली, आईचं नाव सांगितलं, तरी नाही. मग भाऊ म्हणाला, दरवर्षी शिवरात्रीला इथूनच चालत जायची, बाबांना ऐकायला कमी यायचं.

म्हातारीने सूप खाली ठेवलं. "रात्रीची वरडान बोलत जायत, ती दोगा?"

"होय, तीच."

तिने सुनेला हाक मारून आम्हाला चहा टाकायला सांगितला. दोघं गेल्याचं सांगितल्यावर गालाला हात लावून थोडा वेळ बसली. दरवर्षी आमच्या खळ्यासमोर आली की जाग यायची म्हणाली, पण बोलणं अर्धंच ऐकू यायचं, पुढचं वळणाआड जायचं. मग भावाकडे वळली.

"मगे त्या गायीचा काय झाला रे?"

"नाय मिटला ता," भाऊ म्हणाला.